उरवून ठेवायची माणसं

करमाळ्याकडचा माणूस भाजी संपवत नाही, उरवतो. बाजारातून गवार जास्तीची आणली, तर निम्मी शिजते आणि निम्मी मिठाच्या पाण्यातून निघून गच्चीवर जाते. मेथी स्वस्त झाली की ती ताटात दिसेलच असं नाही, बाजेवर मात्र नक्की दिसते. पाहुण्याला ताजी भाजी करून वाढताना घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर जो किंचित नाइलाज उमटतो, त्याचा पाहुण्याने राग मानू नये. पाहुणा नकोसा झालेला नसतो. एवढी चांगली भाजी आजच्या आज संपणार, याचं ते वाईट वाटणं असतं.

याला चिक्कूपणा म्हणण्याआधी आमचा पाऊस बघावा. सोलापूर जिल्ह्याच्या या वायव्य टोकाला वर्षाकाठी पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सरासरीत पडतो. प्रत्यक्षात तो कधी सप्टेंबरातल्या एकदोन रात्रींत सगळा हिशेब चुकता करतो, कधी पुढच्या वर्षावर ढकलतो. कोकणात एवढा पाऊस जुलैतल्या एखाद्या पंधरवड्यात होऊन जातो आणि कुणी त्याचं नावही काढत नाही. राव रंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात देवीच्या माळावर कमलाभवानीचं देऊळ बांधलं. त्याचे खांब शहाण्णव आणि तिथल्या बारवेच्या पायऱ्याही शहाण्णव, असं गावात सांगतात. लहानपणी आम्ही पोरं पायऱ्या मोजायला उतरायचो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं यायचं. पण गावाचा आकडा ठाम आहे. ज्या गावाला पाण्यासाठी शहाण्णव पायऱ्या उतराव्या लागल्या, ते गाव दुधी भोपळा एका दिवसात संपवेल कसं?

धान्याच्या बाबतीत तर आमचे पूर्वज आणखी खोल गेले होते. कडक पांढरीच्या जमिनीत तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस असं पेव खणायचं, त्याला कडब्याचं अस्तर द्यायचं, ज्वारी ओतायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. आतलं धान्य श्वास घेतं, त्यात हवेतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडे गुदमरून मरतात. आज काश्मीर-हिमाचलातलं सफरचंद महिनोन् महिने ताजं ठेवणारी महागडी शीतगृहं थंडीच्या जोडीला हाच डाव खेळतात: आतला प्राणवायू कमी करायचा. त्यांच्याकडे यंत्र असतं. आमच्याकडे कंदील असायचा. पेव उघडल्यावर आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. तो विझला, तर कुणी आत उतरायचं नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, आणि तो मोडणाऱ्याला दुसऱ्यांदा मोडायची संधीही मिळत नसे.

माझी आज्जी १९७२ सालातून पुढे आलीच नाही. दुष्काळ संपला, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी संपली, कामावर वाटली जाणारी सुकडी बंद झाली, घरात चांगला गहू येऊ लागला. आज्जी मात्र त्याच सालात मुक्कामाला राहिली. तिच्याकडे पत्र्याचा एक डबा होता. त्यात वाळवलेली गवार, वांग्याच्या फोडी आणि कारल्याच्या काचऱ्या असत. डब्याला हात लावला की ती म्हणायची, "ठेव. येळ येती." वेळ म्हणजे दुष्काळ. तो आमच्याकडे अधूनमधून येतच असल्याने तिला खोटं पाडणंही कठीण होतं. पण दुष्काळ आला तरी डबा उघडायचा नाही, कारण याहून वाईट वेळ येऊ शकते. शेवटी तो डबा आमच्याआधी भुंग्यांनी उघडला. त्यांना बहुधा वेळ आली असं वाटलं असावं.

आता गच्चीबद्दल. जुन्या घरांना गच्ची नव्हती, माळवद होतं. जाड मातीचं सपाट छप्पर, खाली गारवा आणि वर तवा. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि हवेत ओलाव्याचा लवलेश नसतो. या उन्हाला बाहेरची माणसं शिव्या देतात. पण वाळवणाच्या शास्त्रात याहून चांगला कारागीर नाही. भाजी नासते ती तिच्यातल्या पाण्यामुळे. बुरशीला आणि जंतूंना जगायला मोकळं पाणी लागतं. ते काढून घेतलं की त्यांचा संसार मोडतो. मीठ लावण्यातही हाच कावा आहे: मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं आणि उरलेलं अडवून धरतं. कोकणातल्या बाईला फणसपोळी वाळवताना ढगांवर एक डोळा ठेवावा लागतो, हवेतला दमटपणा आडवा येतो. आमची बाई सकाळी काचऱ्या पसरते आणि विसरून जाते. संध्याकाळी त्या कुडकुड वाजतात.

विसरून जाते हे अर्धसत्य आहे. राखण लागते, आणि राखणीला घरातलं सर्वांत बिनकामाचं माणूस बसवायचं असा दंडक आहे. आधी ते पोर असतं, नंतर निवृत्त नवरा. मधली नोकरीची वर्षं सोडली तर माझी या पदावरची सेवा अखंड म्हणता येईल. एक काठी, एक तांब्या आणि जवळच उघडून ठेवलेली काळी छत्री. छत्री सावलीसाठी नसते, कावळ्यांनी तिला घाबरावं म्हणून असते. करमाळ्यातले कावळे तिला पहिले दोन दिवस घाबरतात, तिसऱ्या दिवशी तिच्यावर बसतात.

पदार्थांचं वेळापत्रक कुठे टांगलेलं नसतं, पण कुणी चुकत नाही. संक्रांतीच्या आसपास मालदांडी ज्वारीचा हुरडा. भाजून, मळून, गरम गरम खायचा हा पदार्थ. पण त्यातलाही थोडा वाळवून ठेवणारी घरं आहेत. पावसाळ्यात तो भिजवून उसळ केली की अर्धा हुरडा जिभेला मिळतो आणि उरलेला आठवणीला. त्याच सुमाराला बोरं. गावरान बोर वाळून सुरकुतलं की जास्त चवीचं लागतं, आणि कुटून मीठ-साखर घातली की बोरकूट. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंच. झोडपायची, वाळवायची, मग दुपारी ओसरीवर बायकांचा गोल बसतो, बत्त्याने फोडत, शिरा ओढत, चिंचोके काढत. त्या कामात हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. मीठ लावून गोळे बांधायचे, की वर्षाची बेगमी. शेजारच्या बार्शीच्या बाजारात चिंच पोत्यांनी येते. पण आमच्या गल्लीत तिची खरी आवक बातम्यांची असते. मग कोहळ्याचे सांडगे, कुरडया, खारोड्या. शेवटी कैरी.

या सगळ्यावर वळवाचा पाऊस नजर ठेवून असतो. मे महिन्यातली दुपार, आभाळ स्वच्छ, आणि तासाभरात पश्चिमेकडून काळं. धूळ उठते, पत्रे वाजतात आणि कुणीतरी ओरडतं, "अगं, वाळवण!" तेव्हा आमच्या गल्लीत माणुसकीचा जो महापूर येतो तो बघण्यासारखा असतो. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीवरून वर्षानुवर्षं बोलणं बंद आहे, एकीचा खटला तालुक्याच्या कोर्टात आहे. पण ती दुसरीच्या गच्चीवर जाऊन तिच्या कुरडया लुगड्यात गुंडाळते, जिन्यात आणून ठेवते, वर स्वतःची ताडपत्री घालते. पाऊस चार थेंब टाकून निघून जातो. कुरडया मोजून परत होतात. आणि भांडण जिथे थांबलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू होतं.

वाळवण उघड्यावरचा कारभार आहे; लोणचं अंधाऱ्या खोलीतला. माझ्या आईकडे चिनी मातीच्या बरण्या होत्या, खाली पांढऱ्या आणि वर तपकिरी. बरणीला दादरा बांधायचा, वर झाकण, त्याच्यावर आईची नजर. फोडी पुसून कोरड्या, मीठ भाजून कोरडं, हात कोरडे, चमचा कोरडा आणि वाढणाऱ्याशी बोलणंही कोरडं. वर तेल चार बोटं उभं राहिलं पाहिजे. तेलाने हवा अडते आणि हवेविना बुरशीचं चालत नाही, हे मला शाळेत शिकवता शिकवता कळलं. आईला ते चार बोटांत कळलेलं होतं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याचं माप घराघरांत नेलं. आमच्याही घरी ते पुस्तक आलं. आईने ते आवडीने वाचलं, शेजारणींना वाचून दाखवलं आणि मीठ पूर्वीसारखंच मुठीने घातलं. मूठ मात्र तिचीच लागायची. माझ्या मुठीने घातलेलं मीठ तिला वजनात बरोबर असूनही चुकीचं वाटे.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. बरणीला बुरशी आली की चौकशी बसे, आणि ती नेहमी एकाच दिशेने जाई: घरात त्या दिवसांत कावळा कुणाला शिवला होता? कुणाची सावली पडली? सून नवीन असली तर खटला लवकर निकाली निघे. त्या बुरशीचा खरा धनी बहुतेक वेळा घरातला एखादा पुरुष असे. तो रात्री उशिरा येऊन, आमटीत बुडालेला चमचा तसाच बरणीत घालत असे आणि दुसऱ्या दिवशी विटाळावर मत देत असे. आमच्या घरात हा कायदा माझ्या बायकोने मोडीत काढला. भाषण वगैरे काही दिलं नाही. महिन्याच्या कुठल्याही दिवशी ती बरणीत हात घालायची आणि लोणचं उत्तम राहायचं. दोन उन्हाळे आई बरणीकडे आणि बरणी आईकडे बघत राहिली. नंतर आईने एवढंच म्हटलं, "हाताला चव हाय तिच्या."

लोणच्याची गंमत अशी की ते टिकण्यासाठी घातलं जातं आणि मग टिकणं हाच त्याचा धर्म होऊन बसतो. यंदाचं उघडायचं नाही, कारण गेल्या वर्षीचं आहे. गेल्या वर्षीचं उघडायचं नाही, कारण परवाच्या वर्षीचं संपलेलं नाही. सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, लिंबाची एक बरणी. तिच्यातल्या फोडी काळ्याकुट्ट. तिचं वय कुणी सांगत नाही आणि विचारूही नये. ती फक्त तापातून उठलेल्या माणसाला मिळते, तीही एक फोड. लहानपणी त्या फोडीसाठी आम्ही तापाची वाट बघायचो.

युरोपाला ही विद्या बाटलीत भरायला बराच वेळ लागला, आणि तीही लढाईच्या निमित्ताने. फौजेला खायला टिकाऊ काय द्यायचं या विवंचनेतल्या फ्रेंच सरकारने निकोला आपेर नावाच्या हलवायाला १८१० साली बारा हजार फ्रँक दिले. त्याने काय केलं होतं? भाज्या, फळं, रस्से काचेच्या बाटल्यांत भरले, बुचं घट्ट बसवली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. ते का टिकतं हे त्याला सांगता येत नव्हतं. पाश्चरने जंतूंचं प्रकरण उलगडलं ते त्यानंतर अर्ध्या शतकाने. म्हणजे आपेरसाहेब आणि माझी आई एकाच पंक्तीतले: टिकतं हे माहीत, का टिकतं ते देव जाणे. त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. तो उघडायचं हत्यार मात्र आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आलं. तोवर लोक छिन्नी-हातोडा घेऊन जेवायला बसायचे. मला हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडची बरणी बायकोच्या परवानगीशिवाय उघडत नाही, तिला छिन्नीही चालत नाही.

इथवर सगळं आज्जीच्या हिशेबाप्रमाणे चाललं होतं: कमी आहे, म्हणून उरवा. मग उजनी आली.

भीमेवरचं धरण १९८० साली पुरं झालं आणि आमच्या तालुक्याची पश्चिम बाजू पाण्याखाली किंवा पाण्याकाठी गेली. गावं उठली, जमिनी बुडाल्या. मे महिन्यात पाणी ओसरलं की कुगावचा बुडालेला इनामदार वाडा अजून डोकं वर काढतो. ज्यांचं गेलं त्यांचं गेलंच. पण जे काठावर उरले त्यांच्या बांधाला बारमाही पाणी लागलं. आधी ऊस आला. मग केळी. कंदरची केळी आज कंटेनरमधून आखातात जातात. वांगी नावाची आमच्याकडे एकाहून अधिक गावं आहेत, वांगी नंबर एक, नंबर दोन अशी. त्या वांगीतही पिकतात केळीच. ज्यांनी 'सैराट' पाहिला आहे त्यांना आमच्या केळीच्या बागा ठाऊक आहेत. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी त्या बागेत प्रेम दाखवलं, पण बागायतदाराला विचाराल तर तो सांगेल, एवढ्या दाट बागेत आधी घड दिसला पाहिजे.

परदेशी जाणाऱ्या केळ्याचं लग्नाच्या मुलीपेक्षा कडक बघणं होतं. लांबी, जाडी, वाकडेपणा, सालीवरचा ओरखडा. धुऊन, फण्या करून, खोक्यात भरून तेरा-चौदा अंश तापमानात रवानगी. ज्या फणीवर डाग, ती मागे. दर पडला, तर अख्खा घड मागे. आणि मागे राहिलेलं केळं कुठे जातं? ते गुरांपुढे जातं, आणि गुरांना कंटाळा आला की ओळखीच्यांकडे. हंगामात संध्याकाळी दारात मोटरसायकल थांबली की बायको आतूनच विचारते, "केळी का?" केळीच असतात. आणणारा आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी असतो. तो अर्धा घड पायरीवर ठेवतो आणि म्हणतो, "सर, ठिवा. जनावरंबी तोंड लावंनात आता." यात प्रेम आहे, हे समजून घ्यायला थोडा वेळ जातो.

केळं उरवता येत नाही. आज्जीची सगळी विद्या इथे थकते. गवार वाट बघते, कैरी वाट बघते, चिंच तर वर्षभर बघते. केळं आज हिरवं, परवा पिवळं, तेरवा माशांचं. त्याला पिकवणारा इथिलीन वायू ते स्वतःच सोडतं, त्यामुळे एक पिकलं की शेजारचं पिकतं, आणि घडात सगळेच शेजारी. फ्रिजमध्ये ठेवावं तर साल काळी पडते. उष्ण कटिबंधातलं फळ ते, तेरा अंशांखाली गेलं की त्याच्या पेशींना गारठा बाधतो. पिकलेल्याचं लोणचं होत नाही; त्याच्यात ना आंबटपणा, ना ताठा. चिरून वाळवावं तर चिरताच तपकिरी पडतं. वसईकडे पिकलं केळं सोलून उन्हात वाळवतात, त्यांची सुकेळी फार चांगली लागते. पण त्यांचं केळं राजेळी जातीचं, आमचं ग्रँड नैन, ज्याला इथे सगळे 'जी-नाइन' म्हणतात. ते देखणं आहे, एकसारखं आहे, आणि त्याचं सारं शिक्षण प्रवासासाठी झालेलं आहे. मुरण्यासाठी नाही.

तरी बायकोने हार मानलेली नाही. कच्च्याचे वेफर झाले, केळफुलाची भाजी झाली, शिकरण इतकं झालं की मी काही दिवस पंगतीला जाणं बंद केलं, कारण तिथे ते गोड म्हणून वाढतील अशी भीती होती. कच्ची केळी चकत्या करून, लिंबाच्या पाण्यातून काढून, वाळवून, दळून पीठ झालं आणि उपवासाच्या थालीपिठात गेलं. हे मात्र खरोखर जमलं. लिंबाने काळेपणा आटोक्यात आला, आणि ऊन आमचं घरचंच. पुण्याच्या लेकीला पीठ पाठवलं तर तिचा फोन आला: "बाबा, हे इथे दुकानात काय भावाने मिळतं माहितीये?" भाव ऐकून बायको गप्प बसली. रात्री उशिरा म्हणाली, "उद्या बाजेची सुंभं आवळून घ्या."

तिला एकटीला वेड लागलं आहे असं समजू नये. वैभव तिडके आणि त्यांच्या सोबत्यांच्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज या कंपनीने मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांना उन्हावर चालणारे ड्रायर दिले. शेतात वाया जाणारा कांदा, टोमॅटो त्या वाळवून देतात. २०२३ साली या कामाला ब्रिटनच्या युवराजांनी सुरू केलेला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. मी ही बातमी घरात मोठ्याने वाचली. आज्जी असती तर तिने बक्षिसापेक्षा एकच गोष्ट विचारली असती, की वाळवलेलं लगेच विकून टाकतात म्हणजे काय?

परवा तो विद्यार्थी पुन्हा आला. या वेळी केळी कमी आणि बेत मोठा. त्याच्या गच्चीवर आता सोलर पॅनेल बसलेत, पाण्याची टाकी आहे, डिशची छत्री आहे. एक सूप पसरायला जागा नाही. त्याच्या बायकोने आमच्याकडचं पीठ खाल्लं होतं. तो म्हणाला, "सर, वाट्यानं करू की. केळी आमची, गच्ची तुमची, पीठ निम्मं निम्मं." शेत वाट्याने करतात, म्हशी वाट्याने पाळतात, ऊन वाट्याने द्यायचा करार आमच्या गल्लीत पहिलाच. मी मान डोलावणार, एवढ्यात बायको हात पुसत बाहेर आली.

"निम्मं ठीक आहे," ती म्हणाली. "पण सोलायचं आणि चिरायचं कुणी?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"त्यांच्याकडे बघू नको. ते राखणीला आहेत."